कुटीच्या वरून दोन व्याही उतरले

२०१७ साली मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी गणपती पाण्यात सोडले आणि पुढच्याच आठवड्यात मी हिमालयात जायला निघालो. जायचं होतं आदी कैलासाला. कुमाऊंच्या पार टोकाला, तिबेटला पाठ लावून उभा असलेला हा डोंगर. मोठ्या कैलासाला पासपोर्ट लागतो, हा आपल्या देशात आहे. रस्त्याचं काम तिकडे चाललं होतं, पण आम्ही गेलो तेव्हा पुढचा सगळा पल्ला पायीच होता.

मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्य नरपडच्या वाडीत चिकूच्या झाडांखाली गेलं. हे लिहिलेलं तपासून देते असं सून म्हणाली, मी नको म्हटलं. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या, कोणाकडून उसन्या घेतलेल्या नाहीत.

बरोबर कोण, तर माझे व्याही. गोविंदभाई, राहणार तलासरी. आमच्या सुनेचे, हेमाचे वडील. माझ्यापेक्षा थोडे लहान. भात आणि भाजीपाला करतात, माल वापीच्या बाजारात जातो, त्यामुळे बोलण्यात निम्मी गुजराती. मला ते 'वेवाई' (व्याही) म्हणतात.

दोन व्याह्यांनी मिळून प्रवासाला जाऊ नये असं माझी बायको आधीच म्हणाली होती. "भावाबरोबर जा, मित्राबरोबर जा. व्याह्यासमोर माणूस मोकळेपणी शिंकत पण नाही." तिचे गुडघे गेलेले, ती येणार नव्हती. मी म्हटलं, ज्याला यायचं नाही त्यानं सल्ले देऊ नयेत.

पण तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली तरी गोविंदभाई आमच्या घरी आले की खुर्चीच्या कडेवर बसतात. पाठ टेकत नाहीत. मी उठलो की उठतात, मी जेवायला बसलो की बसतात. मुलीचा बाप, म्हणे. मी "अहो आरामात बसा" म्हणायचो. म्हणायचो एवढंच. आपल्यासमोर कोणी असं अदबीनं बसलेलं कोणाला आवडत नाही?

दिल्लीची गाडी वापीहून होती. मुलगा प्रमोद आणि हेमा सोडायला आले. स्टेशनवर गोविंदभाई म्हणाले, "बघा वेवाई, दिल्लीला जायला पण तुम्हाला आमच्याच बाजूला यावं लागतं." मी म्हटलं, "आमच्या बाजूला समुद्र आहे. समुद्रातून गाडी जात नाही, नाहीतर तुम्ही आला असता." हेमा हसली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "नाना, बापूंकडे लक्ष ठेवा. ते दुखलं-खुपलं कधी सांगत नाहीत."

मी म्हटलं, "माझ्या हाताखाली देतेस ना? जसे नेले तसे आणून देतो."

दिल्लीहून रात्रीची गाडी काठगोदामला, तिथून जीप. दोन दिवस जीपमध्ये वळणं खाल्ली. आमच्याबरोबर बोईसर आणि वापीकडचे आणखी दहाएक जण होते. गोविंदभाईंना वळणांनी मळमळलं तर त्यांनी खिडकीबाहेर बघत लिंबू चोखलं, मला म्हणाले, "लिंबू इकडचं सारं (चांगलं) आहे हं, चाखून बघत होतो."

धारचूला हे शेवटचं मोठं गाव. काली नदी गावाला लागून वाहते, पलीकडे नेपाळ. झुलत्या पुलावरून लोक भाजी आणायला दुसऱ्या देशात जाऊन येतात. मी पण गेलो आणि चहा पिऊन परत आलो. परदेशवारी झाली. तिथे जेवणात मंडुए की रोटी मिळाली. बघतो तर नाचणीची भाकरी. गोविंदभाई म्हणाले, "एवढं लांब आलो आणि हे तर आमच्या मजुराच्या डब्यातलं." पण तीन खाल्ल्या. जेवण बघून ठेवतो मी माणसाचं. त्यांचा हात ताटात चालत होता तोवर मला काळजी नव्हती.

तिथेच आमचे दोन वाटाडे भेटले, त्यातला थोरला कुंदन. कुटी गावचा. चाळिशीचा, कमी बोलणारा. मी घरून चिकूच्या सुक्या चकत्या नेल्या होत्या, त्या त्याला दिल्या. हे काय, म्हणून वास घेतला, मग खाल्ली आणि म्हणाला, "गुड़ का पेड़ होता है आपके यहाँ?" या एका वाक्यावर तो माणूस मला आवडला.

जीप सोडली आणि पायी सुरू झालो. पहिल्या दिवशी बुधी गावापर्यंत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली काली नदी नुसती गरजत असते, बोललेलं ऐकू येत नाही. बुधीला खेचरवाले भाड्यासाठी मागे लागले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "मी वाडीत अजून स्वतः झाडावर चढतो. चार पायांच्या जनावरावर बसून देवाकडे जाणार नाही." गोविंदभाई लगेच म्हणाले, "मग मी पण नाही." त्यांना बसायचं होतं. मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी छियालेखची चढण. सरळ अंगावर येते. वर पोचलो. एवढं मोठं गवताचं मैदान, त्यात पिवळी-जांभळी फुलं संपत आलेली, आणि समोर नेपाळचा बर्फाचा डोंगर, एवढा जवळ की हात लावावा. आमच्या विवळवेढ्याला महालक्ष्मीचा डोंगर मी किती वेळा चढलोय. त्याला मी उंच समजत होतो. देवी क्षमा करो.

संध्याकाळी गुंजी गाव. तिथे एक दिवस मुक्काम सक्तीचा आणि डॉक्टरची तपासणी. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, नाक थंडीनं लाल झालेलं. बोटाला चिमटा लावून तिनं आकडा बघितला. मी तिला सांगितलं, मला काय तपासतेस, या वयात माझा एक दात पडलेला नाही. ती म्हणाली, दातानं श्वास घेता का?

मग तिनं सगळ्यांना बसवून हिंदीत समजावलं. मला समजलं ते असं. वर हवा पातळ होते, प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. शरीर सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि आपण त्याला दिवस दिले नाहीत तर ते बिघडतं. सुरुवात डोकं दुखण्यानं होते. मग भूक जाते, मळमळतं, झोप लागत नाही, गरगरतं. एवढं झालं तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं. दुखायची गोळी घेऊन डोकं थांबलं म्हणजे चढायची परवानगी मिळाली असं नाही. पण माणूस झोकांड्या द्यायला लागला, भलतंच बोलायला लागला, किंवा बसल्याजागी धाप लागली, खोकला यायला लागला, तर मग थांबायचंही नाही. लगेच खाली. दिवस असो, रात्र असो. तेव्हा न उतरणारा माणूस काही तासांत जातो.

वापीकडचा एक जण म्हणाला, आम्ही रोज व्यायाम करतो. ती म्हणाली, ताकदीचा इथे संबंध नाही. दणकट माणसंच जास्त अडकतात, कारण ती भरभर चढतात आणि सांगत नाहीत. दारू नको, झोपेची गोळी नको. एक गोळी आधीपासून घेता येते, तिच्यानं लघवीला फार होतं पण सवय लवकर होते. ज्यांनी घरच्या डॉक्टरला विचारून आणली असेल त्यांनी ती घ्यावी. आम्ही दोघांनी आणली नव्हती. प्रमोद म्हणाला होता विचारा, मी म्हटलं होतं, देवाकडे जाताना गोळ्या कसल्या?

तिथून कुटी. दऱ्या रुंद झाल्या, झाडं खुजी होत गेली, मग भूर्जाची काही झाडं आणि मग तीही नाहीत. कुटी हे त्या बाजूचं शेवटचं गाव. दगडी घरं, दाराच्या चौकटींवर एवढं कोरीवकाम की आमच्याकडे देवळाला पण नसतं. हिवाळ्यात अख्खं गाव कुलपं लावून धारचूलाला उतरतं. कुंदनच्या घरी आम्हाला 'ज्या' (मीठ आणि लोणी घातलेला चहा) दिला. त्याच्या आईनं तो लाकडी नळकांड्यात घुसळून केला होता. मी दोन घोट घेतले. एरवी नवीन चव मी सोडत नाही. पण माझं डोकं दुखत होतं.

दुपारपासून दुखत होतं. कपाळापासून मानेपर्यंत पट्टी आवळल्यासारखं. मी कानटोपी खाली ओढली आणि कोणाला सांगितलं नाही.

जेवायला फाफरची (तिकडचं एक काळसर पीठ) पोळी आणि बटाट्याची भाजी. मला अन्नाचा वाससुद्धा नको होता. म्हणून मी काय केलं, तर माझ्या ताटातली पोळी गोविंदभाईंच्या ताटात टाकली. "घ्या, तुम्ही तरुण आहात." ते म्हणाले, "अरे नहीं नहीं, वेवाई, आधी तुम्ही," आणि दोन पोळ्या माझ्या ताटात. मी परत आग्रह केला, त्यांनी परत. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत चालतं तसं. बाकीचे हसत होते. दोन व्याह्यांचं प्रेम बघा, म्हणे. त्या आग्रहात दोघांपैकी कोणी घासभर खाल्लं नाही, आणि मला वाटलं फक्त मीच खाल्लं नाही.

जेवण झाल्यावर कुंदन एकेकाला विचारत फिरला. सिर में दर्द? भूख लगी? ज्याला त्रास असेल त्यानं उद्या कुटीत थांबावं, परवा बघू, यात कमीपणा काही नाही. वापीकडच्या एका बाईनं हात वर केला आणि ती थांबली. माझ्यापुढे आला. गोविंदभाई माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "एकदम ठीक." कुंदन त्यांच्याकडे वळला. ते म्हणाले, "वेवाई ठीक आहेत तर मी पण ठीक."

आता हे मला समजतं तसं लिहितो. मी मुलाचा बाप, मुलीकडच्यांसमोर डोकं धरून बसणं माझ्यानं होत नव्हतं. ते मुलीचे बाप, आपल्या दुखण्यापायी मुलाच्या बापाची यात्रा खोळंबली हे त्यांना मरणासारखं. दोघंही एकाच पंक्तीला बसून एकाच दुखण्यावर झाकण घालत होतो.

सकाळी निघालो. थंडी कडक, ऊन स्वच्छ. झाड म्हणून एकही नाही. पिवळं गवत, दगड, खाली निळी नदी, आणि दोन्ही बाजूंना डोंगर असे की जणू काल रात्रीच कोणी रचून ठेवलेत. गोविंदभाईंना उजाडताना उलटी झाली होती. मला म्हणाले, पित्त आहे. मलाही पटलं. पित्त त्यांना घरीही होतं. लिंबाला मीठ लावून दिलं.

आणि आणखी एक गोष्ट. हा माणूस कधीही माझ्या पुढे चालत नाही. वेवाईंच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. हेमानं लक्ष ठेवायला सांगितलं होतं, पण मी लक्ष ठेवणार कसं? ते सतत माझ्या पाठीमागे. मी हाक मारायचो, "येताय ना?" मागून आवाज यायचा, "हो, चालू द्या." तेवढ्यावर मी चालत होतो.

ऊन डोक्यावर यायला लागलं तेव्हा मागून आमचं सामान आणणाऱ्या खेचरवाल्यानं ओरडून कुंदनला थांबवलं. खेचरवाला नेपाळी, हसरा माणूस. तेव्हा हसत नव्हता. "बूढ़े बाबा को लेक लग गया," म्हणाला. लेक म्हणजे उंच डोंगर. डोंगर लागला. आमच्याकडे वारा लागतो, ऊन लागतं, तसं.

मी वळलो. गोविंदभाई वाटेच्या बाहेर गवतात चालत होते, नदीच्या बाजूला. पाय फाकलेले, जसा ताडी जास्त झालेला माणूस चालतो. ताडीला ते आयुष्यात शिवलेले नाहीत. एका हातमोज्यात दोन्ही हात घालायचा प्रयत्न चालला होता.

कुंदननं त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग काठीनं मातीत एक सरळ रेघ ओढली आणि टाच-अंगठा जोडत तिच्यावर चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ते कलले, कुंदननं धरलं. "मुलीचं नाव काय?" त्यानं विचारलं. गोविंदभाई विचार करून म्हणाले, "शांता."

शांता ही त्यांची बहीण. हेमाच्या जन्माआधी वारलेली.

डॉक्टरणीचं बोलणं अख्खं आठवलं. काही तासांत जातो, म्हणाली होती.

"नीचे," कुंदन म्हणाला. "अभी."

पण गोविंदभाई उठेनात. म्हणाले, "तुम्ही जा वेवाई. मी इथे जरा आडवा होतो. तुमचं दर्शन झालं की परत येताना घ्या मला." कुंदन म्हणाला, इथे झोपलात तर उठणार नाही. ते त्याच्याकडे बघून हसले आणि मला म्हणाले, "आमच्यामुळे तुमचं दर्शन चुकलं, तर मी हेमाला तोंड कसं दाखवू?" हेमाचं नाव आत्ता आलं, आणि लगेच परत गेलं, कारण पुढे ते म्हणाले, "शांतेच्या सासरी काय सांगू?"

कुंदननं समजावलं, खेचरवाल्यानं समजावलं, बोईसरकडच्या एकानं हात धरून ओढलं, तर त्यांनी झटकून दिलं. अंगात ताकद होती अजून. त्या ताकदीचीच भीती वाटली. एव्हाना ढग उतरले होते, पुढचं काही दिसत नव्हतं. आदी कैलास त्या वळणाच्या मागे आहे, असं कुंदननं थोड्या वेळापूर्वीच सांगितलं होतं.

मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "गोविंदभाई, माझं डोकं कालपासून फुटतंय. मी कालपासून जेवलो नाही. मला वर जायला जमत नाही. मला खाली घेऊन चला."

सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. बुधीत चार पायांच्या जनावरावरचं माझं भाषण सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

गोविंदभाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळे एका जागी ठरत नव्हते. मग म्हणाले, "वेवाईंना बरं नाही?"

"नाही."

"मग असं बोला ने. चला. मी आहे." आणि उठायला लागले.

मुलीचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण व्याह्याला बरं नसेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, हे आठवत होतं. ते डोक्यात कुठे ठेवलेलं असतं, मला माहीत नाही. हवा पातळ झाली तरी ते जात नाही.

पुढची अडचण खेचराची. मी चालणार आणि ते खेचरावर, हे त्यांना चालेना. "तुम्ही बसा आधी," म्हणाले. तर मी बसलो. खेचरवाल्यानं मला खालून ढुंगणाला हात लावून वर चढवलं, पोत्यासारखं. मग ते बसले. त्यांना दोन्ही बाजूंनी माणसं धरून चालली. माझ्या खेचराला कोणी धरलं नव्हतं, ते दर दहा पावलांवर गवत खायला थांबायचं आणि मी पुढे घसरायचो. बाकीची मंडळी दुसऱ्या वाटाड्याबरोबर वर गेली.

निघण्याआधी कुंदननं पिशवीतून एक गोळी काढून त्यांना दिली. मेंदूची सूज कमी करायची गोळी, डॉक्टरणीनं अशा वेळेसाठी सोबत दिलेली. मी म्हटलं, गोळी आहे तर मग थोडं थांबून बघू का? तो म्हणाला, गोळी उतरायला वेळ मिळवून देते. उतरायच्या ऐवजी नसते.

खाली येताना मी त्यांच्याशी सारखा बोलत होतो, झोप लागू नये म्हणून. भाताचं काय, यंदा कोळंब लावलात का, भेंडीला वापीत काय भाव. ते उलटसुलट उत्तरं देत होते. मध्येच गुजरातीत आईला हाक मारली. मग खाली नदीचा आवाज मोठा यायला लागला, ऊन कललं, आणि एका ओढ्याजवळ ते म्हणाले, "वेवाई, तुमचं खेचर फार आळशी आहे. आमच्या मजुरासारखं." कुंदननं माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढं वाक्य ऐकायला मी आदी कैलास दोनदा सोडला असता.

कुटीला पोचेपर्यंत त्यांना हेमाचं नाव आठवलं. कुंदन कुटीलाही थांबू देईना. गावातल्या लोकांनी माणसं बदलून दिली आणि उजेड होता तोवर आम्ही आणखी खाली सरकलो. दुसऱ्या दिवशी गुंजीला पोचलो. माझं डोकं वाटेतच कधीतरी थांबलं होतं. मला कळलंही नाही. नुसतं उतरल्यानं.

डॉक्टरणीनं त्यांना प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं, चालवून बघितलं. माझ्याकडे वळून म्हणाली, तुमचं कधीपासून दुखत होतं? मी खरं सांगितलं. यांचं? गोविंदभाईंनी नाकावरची नळी बाजूला करून सांगितलं, "कुटीला पोचलो तेव्हापासूनच." मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी छताकडे बघितलं. ती मुलगी म्हणाली, कुटीत दोघांनी तोंड उघडलं असतं तर एक दिवस विश्रांती घेऊन कदाचित दोघंही वर पोचला असता. आम्ही दोघांनी तिचं ऐकून घेतलं. एरवी माझ्या नातीच्या वयाच्या मुलीचं मी ऐकून घेत नाही.

वर गेलेली मंडळी परत आली. दर्शन छान झालं म्हणाली, पाण्यात पूर्ण डोंगर उमटला होता. मी ऐकलं. बरं वाटलं असं म्हणणार नाही.

दिल्लीहून वापीच्या गाडीत समोरासमोरच्या बाकांवर होतो. बडोदा गेलं, पेरूवाला आला, गोविंदभाईंनी पेरू घेऊन मला आधी दिला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "वेवाई, तिथे वरती तुमचं डोकं खरंच दुखत होतं ने?"

"खरंच दुखत होतं."

"बराबर," ते म्हणाले आणि पेरू खाल्ला.

वापीला प्रमोद आणि हेमा गाडी घेऊन आले होते. हेमानं विचारायच्या आत गोविंदभाई म्हणाले, "तुझ्या सासऱ्यांना वर फार त्रास झाला. धरून खाली आणावं लागलं." मी त्यांच्याकडे बघितलं. ते हेमाच्या चेहऱ्याकडे बघत होते. मुलीला घाबरवायचं नव्हतं त्यांना. मी म्हटलं, "हो, झाला थोडा." तलासरीला त्यांना उतरवलं आणि नरपडला येईपर्यंत हेमा मला सारखं विचारत होती, नाना, काच बंद करू का, नाना, पाणी देऊ का. हेमाचा फोन आधीच गेला होता. मी घरात पाऊल ठेवतानाच बायकोनं विचारलं, "व्याह्यांनी आणलं म्हणे?" मी चप्पल काढली.

संध्याकाळी लोक प्रसादाला आले. नवरात्र सुरू झालं होतं. सरावलीचा अनंत आला, आमच्याकडून रोपं नेतो तो. दसरा झाला की आईला केदारनाथला नेणार होता. आई पंचाहत्तरीची. म्हणाला, "नाना, आम्ही हेलिकॉप्टरनं जाणार. चालायचंच नाही, म्हणजे तुमच्यासारखा त्रास व्हायचा प्रश्नच नाही. आणि आमची आई टणक आहे, कधी काही सांगत नाही."

मला बोलायचं होतं. चालण्यानं नाही रे, उंचीनं होतं. हेलिकॉप्टर तर शरीराला सवयीचा एक दिवससुद्धा देत नाही. अर्ध्या रस्त्यात एखादी रात्र काढा, डॉक्टरला आधी विचारा, तिला सारखं विचारत राहा आणि तिच्या 'ठीक आहे'वर जाऊ नका. पण हे सांगायचं तर कोणाला काय झालं ते सांगावं लागलं असतं, आणि हेमा समोर चहाचे कप गोळा करत होती. मी म्हटलं, "थंडीचे कपडे न्या." अनंत प्रसाद घेऊन गेला. मला झोप लागली नाही, आणि हवा काही पातळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी तलासरीला फोन लावला. "गोविंदभाई, सरावलीला एक म्हातारी केदारनाथला निघाली आहे. मी तिच्याकडे चाललोय. जे झालं ते सगळं सांगणार. तुमचंही."

"थांबा वेवाई," ते म्हणाले. "मी येतो. तुम्ही पोळ्यांचं सांगाल आणि रेघेचं विसराल."

डहाणू रोडला ते जीपमधून उतरले. तिथून टमटमनं आम्ही सरावलीला गेलो. अनंताची आई अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तिनं आम्हाला ओटीवर खुर्च्या दिल्या. मी बसलो. गोविंदभाई माझ्या शेजारी बसले, खुर्चीला पाठ टेकून, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मावशी, मला वरती माझ्या मुलीचं नाव आठवत नव्हतं."